रंग लावलेल्या अठरा मेंढ्या

बंकटबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, आणि तिथंच पंचाईत आहे. तीस वर्षं मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक होतो. म्हणजे डॉक्टरांनी सुई द्यायची आणि बैलाचे पाय मी धरायचे. डॉक्टरांनी जखम बघायची आणि तिच्यातल्या अळ्या मी काढायच्या. पण डॉक्टर कधी असायचे, कधी नसायचे, त्यामुळे लोकांनी मलाच डॉक्टर करून टाकलं. मीही कधी नाही म्हणालो नाही. फुकटचा मान कुणाला नको असतो? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माजलगावच्या बाजारात कुणी ‘डाक्टर’ म्हणून हाक मारली की माझी मान आपोआप वळते.

दिंद्रुडच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या कडेला धनगरांची पाच-सहा घरं आहेत, त्यातलं एक बंकटचं. पासष्टी ओलांडलेला, अंगानं वाळका, बोलायला तिखट आणि चालायला लागला की कुणाचं न ऐकणारा माणूस. त्याच्या दीडशे मेंढ्या. त्या तो मोजत नाही, तोंडावरून ओळखतो. लसीची मोहीम निघाली की बाकीचे मेंढपाळ कळप घेऊन शिवाराबाहेर पळायचे. बंकट उलटा. तो आठ दिवस आधीच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचा.

‘लस कवा यायची, डाक्टर?’

‘तुला रे एवढी कसली घाई?’

‘कळपात एक मेंढरू एकटं नसतंय. एकाला शिंक आली की दीडशेला रुमाल लागतोय.’

हे वाक्य मी पुढं कितीतरी मिटिंगांमध्ये स्वतःचं म्हणून खपवलं. जिल्ह्याच्या साहेबांनी एकदा वहीत उतरवूनही घेतलं होतं.

मेंढ्यांना लस देण्याची एक पद्धत असते. सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे कुणाला दिली आणि कुणाला राहिली हे कळत नाही. म्हणून सुई टोचली की लगेच त्या मेंढीच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढायचा. रंग दिसला म्हणजे सुई झाली. वरून तपासायला आलेला साहेबसुद्धा रंगच मोजायचा. सुई कुणाला दिसते?

बारा वर्षांपूर्वी आमच्या भागात मेंढ्यांची देवी आली होती. अंगभर फोड येतात, लहान कोकरं तर दोन दिवसांत जातात. तेव्हा सुंदररावांनी, म्हणजे आमच्या गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्यानं, जाहीर केलं की ज्या कळपाच्या पाठीवर रंग नाही तो आपल्या शेतात बसणार नाही. आमच्याकडे रानं रिकामी झाली की मेंढ्या रात्री शेतात बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य आणि चारा मिळतो. शेत बंद म्हणजे मेंढपाळाची चूल बंद. त्यामुळे त्या वर्षी सगळे रांगेत आले.

बंकटच्या कळपाला लस द्यायला मी एकटाच गेलो होतो. डॉक्टर रजेवर होते. दुपारपर्यंत एकशे बत्तीस मेंढ्या झाल्या. शेवटच्या अठरा त्यानं बाजूला धरून ठेवल्या होत्या.

‘या ऱ्हाऊ द्या,’ तो म्हणाला. ‘दिवस भरत आलेत. धरपकडीत गाभडतील, पोटातलं पडंल.’

‘नियम आहे, बंकट. सगळ्यांना द्यायची.’

‘माज्या मेंढ्या हायेत. मेल्या तर माज्या मरतील. तुमाला काय?’

‘बरं, मग राहू दे. रंगही नाही लावत.’

तेव्हा तो जवळ आला. ‘रंग लावा की. रंग नसंल तर सुंदरराव बसू देणार न्हाई.’

ऊन मरणाचं होतं, पेटीतला बर्फ वितळत आला होता, आणि खरं सांगायचं तर मला घरी जायची घाई होती. मी नाही म्हणू शकलो असतो. मी ब्रश उचलला आणि अठरा पाठींवर अठरा पट्टे ओढले. रजिस्टरात एकशे पन्नास लिहिलं.

पंधरा दिवसांनी त्या अठरांपैकी तिघींना फोड आले. त्या चांगल्या मोठ्या, धडधाकट मेंढ्या होत्या, बऱ्या झाल्या. पण बंकटच्या शेजारी त्याच रानात त्याच्या शेजारघरच्या सिदूचा कळप बसला होता. सिदूच्या मोठ्या मेंढ्यांना लस झाली होती, म्हणून त्या वाचल्या. कोकरं मात्र इतकी लहान होती, की त्यांना लस देताच येत नव्हती. बावीस कोकरं गेली. सिदूची बायको त्यांना ओळीनं पुरताना नावं घेऊन रडत होती. मी तिथं उभा होतो, डॉक्टर म्हणून.

रोग बंकटच्या कळपातून गेला की परळीकडून आलेल्या दुसऱ्या कळपातून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येणार नाही. दोन्ही होऊ शकतं. मी बरीच वर्षं परळीकडच्या कळपावर विश्वास ठेवून झोपलो. बंकट त्यावर कधीच बोलला नाही, मीही नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि तीही माझ्या अंगावर येणारी.

करोनाच्या वर्षी लोक सुईला घाबरत होते. कागद असल्याशिवाय बाजारात शिरू देणार नाहीत, अशी बोलवा उठली आणि बंकट माझ्याकडं आला. ‘डाक्टर, घ्यावी का?’ मी म्हणालो, ‘डोळे झाकून घे.’ त्याला आणि त्याच्या बायकोला, कडूबाईला, मीच माझ्या मोटरसायकलवर केंद्रावर नेलं. पुढं बंकट, मागं कडूबाई, मधे पेंडीसारखा दाबलेला मी, अशी आमची वरात गेली. गाडी कोण चालवत होतं असं विचारू नका, बंकटच चालवत होता, आणि कडूबाई मागून ‘हळू’ म्हणत हसत होती. एकोणिसाव्या दिवशी भाकरी थापता थापता ती चुलीपाशी कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय. तिला रक्तदाब होता, गोळ्या ती घ्यायची नाही, सुईचा काही संबंध नाही. मलाही तसंच वाटतं. नव्वद टक्के वाटतं. उरलेल्या दहा टक्क्यांचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

बंकटनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. तेराव्याला त्यानं बिरोबापुढं भंडारा उचलला. आमच्याकडे देवाचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो म्हणाला, ‘म्या हयात हाय तवर माज्या घरात माणसाला सुई न्हाई.’

आणि पुढच्या महिन्यात मेंढ्यांच्या लसीला दवाखान्याच्या पायरीवर पहिला तोच होता. मी निवृत्त झालो होतो, तरी मोहिमेला मदतीला जायचो.

‘आता कशाला आलास?’ मी विचारलं.

‘मेंढरं माज्या जिम्म्यावर हायेत. त्यांनी कुठं भंडारा उचललाय?’

मला त्याचा राग आला होता आणि त्याच वेळी त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हेही सांगता येत नव्हतं.

कडूबाई गेल्यावर वर्षभरानं बंकटचा मुलगा रामेश्वर याला मुलगी झाली. सायली. रामेश्वर पुण्याकडं टिपर चालवतो, सणावाराला येतो. त्याची बायको स्वप्नाली आणि पोरगी बंकटजवळ असतात. आमच्या सूनबाई, बबिता, गावच्या आशाताई आहेत. गरोदर बाया, तान्ही लेकरं, त्यांची लस, सगळं तिच्या वहीत असतं. ती दर महिन्याला बंकटच्या दारात जायची आणि दर महिन्याला हात हलवत परत यायची. तिच्या वहीत सायलीच्या नावापुढं सगळे रकाने कोरे होते.

यंदा संक्रांतीनंतर गावात गोवर निघाला. पहिल्या लेकराच्या घरी लोकांनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला आणि म्हाताऱ्या म्हणाल्या, आई आलीय, येऊन जाईल. दुसऱ्या लेकराचा ताप उतरेना. तिसऱ्याला छातीत कफ भरून बीडला न्यावं लागलं, पाच दिवस नळी लावली होती. बबिताच्या पायाला त्या दिवसांत भिंगरी होती. तिची सगळ्यात मोठी काळजी होती सिदूचा नातू सत्यम. पाच महिन्यांचा. गोवरची लस नऊ महिन्यांनंतरच देतात.

‘मामा, त्याला लस देता येत नाही,’ ती मला म्हणाली. ‘आजूबाजूच्या लेकरांना झाली तरच तो वाचणार. आणि शेजारचंच घर बंकटमामांचं.’

मला एकदम बावीस कोकरं दिसली.

ग्रामपंचायतीपुढं सगळे जमले. सुंदरराव आता थकलेत, पण गावात शब्द त्यांचाच चालतो. त्यांनी सांगून टाकलं, की सुईचं वय होऊनही ज्याच्या घरातल्या लेकराच्या कार्डावर गोवरच्या दोन्ही सुया नाहीत, त्याच्या मेंढ्या गावाच्या शिवारात बसणार नाहीत. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, मेंढ्यावाल्यांत असं घर एकच होतं.

बंकट उठला. ‘पोरगी माजी हाय. तिला काय टोचायचं ते मी ठरवीन.’

‘ठरव की,’ सुंदरराव म्हणाले. ‘शिवार आमचं हाय. कोण बसायचं ते आमी ठरवू.’

‘ही जबरदस्ती झाली.’

‘अन सिदूच्या नातवाला काय झालं तर ती कुणाची मर्जी म्हणायची?’

मग कुणीतरी म्हणालं, डाक्टरला विचारा. मी उभा राहिलो. तीस वर्षं मी लसच दिली, मला ठामपणे बोलता यायला हवं होतं. पण बंकट माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या बघण्यात कडूबाई होती. सिदूही बघत होता. मी म्हणालो, ‘दोघांचंही बरोबर आहे.’ लोक हसले. सुंदरराव म्हणाले, ‘भगवानराव, तुमी खाली बसा.’ मी बसलो.

घरी आल्यावर बबिताला म्हटलं, निदान गावबंदीच्या धाकानं तरी तो सुई देईल. ती वैतागली.

‘धाकानं दिली की पुढच्या खेपेला लोक लेकरं लपवतात, मामा. मला तेच निस्तरावं लागतं. सुंदररावांना काय, बोलून मोकळे झाले.’

म्हणजे सक्ती करावी म्हणणारे तिला पटत नव्हते, आणि न करावी तर सत्यमचं काय, याचंही उत्तर तिच्याकडं नव्हतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असा प्रकार.

त्याच संध्याकाळी बंकट आमच्या ओट्यावर आला. चहा नको म्हणाला. काठीनं जमीन टोकरत हळूच म्हणाला, ‘सूनबाईला सांगा. कार्डावर लिवून द्या म्हणावं. सुई नको, निसतं लिवा.’

‘अरे, असं कसं लिहील ती?’

‘तुमाला जमलं होतं की, डाक्टर. अठराला रंग लावला होता.’

बारा वर्षांत पहिल्यांदा ते शब्द कुणी उच्चारले होते. बबिता दारातच उभी होती. तिनं विचारलं, ‘कसला रंग?’ मग मला सगळं सांगावं लागलं, बंकटच्या देखत. सुनेपुढं सासऱ्याची अशी झडती होऊ नये. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि एवढंच म्हणाली, ‘मी खोटी नोंद करणार नाही.’ मला म्हणाली की बंकटला, ते कळलं नाही. दोघांनाही लागू होतं.

दुसऱ्या दिवशी बंकटनं बिऱ्हाड घोड्यावर घातलं आणि कळप, सून, नात घेऊन कालव्याच्या पलीकडं माळावर गेला. ती हद्द दुसऱ्या गावाची, पाणी लांब, झाड एकच. गाव सुटलं म्हणून लोकांना हायसं वाटलं. मलाही थोडं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

चौथ्या दिवशी सकाळी स्वप्नाली आली. आमच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे, दळणाचं निमित्त करून तीन मैल चालत आली होती. डोक्यावरचा डबा खाली ठेवला, इकडंतिकडं बघितलं आणि ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून तळातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत लसीचं कार्ड होतं. माजलगावचं, तिच्या माहेरच्या दवाखान्याचं. नाव सायली. गोवरची पहिली सुई दहाव्या महिन्यात, दुसरी दीड वर्षाची असताना. दोन्हीपुढं सही आणि शिक्का.

मी दोन्ही तारखा परत वाचल्या.

‘पंचमीला माहेरी गेलते तवा दिली पहिली,’ ती म्हणाली. ‘दुसरी पुढच्या उन्हाळ्यात गेलते तवा. सायलीच्या बापाला फोनवर सांगलं होतं. ते म्हणले, तुला पटतंय तसं कर, पर अण्णाला, म्हंजी मामंजीला, कळू देऊ नको.’

‘आणि तू हे आत्ता सांगतेस? तिकडं गावानं तुम्हाला बाहेर काढलं!’

‘मला कुणी इचारलं का, डाक्टरकाका?’

खरंच कुणी विचारलं नव्हतं. पोरगी बंकटची, शिवार सुंदररावांचं, नोंद बबिताची, इतकं सगळं आम्ही वाटून घेतलं होतं. जिनं नऊ महिने पोटात वागवली तिचं नाव कुणाच्याच डोक्यात आलं नाही, आणि मी तर डॉक्टर.

‘आता सांगून टाक त्याला.’

‘न्हाई.’ ती लगेच म्हणाली. ‘त्यांचा भंडारा मोडलाय म्या. त्यांना कळलं तर घरात कुणाला साधी शिंक आली तरी माज्यामुळं आली म्हणतील. ते वाईट न्हाईत, काका. पर सासूबाई गेल्यापासून ते त्या भंडाऱ्यावरच उभे हायेत. तेवढा काढून घेतला तर पडतील.’

तिनं उपाय स्वतःच शोधून आणला होता. बबितानं या कार्डावरून आपल्याकडचं दुसरं कार्ड करायचं. ते मी बंकटला द्यायचं, आणि त्यानं मागितलं तसं निसतं लिहून दिलंय असं सांगायचं. सुंदररावांना कार्ड दिसेल, मेंढ्या शिवारात येतील, आणि म्हाताऱ्याचा भंडाराही राहील. बबितानं माजलगावच्या नर्सबाईंना फोन करून खात्री केली, तिथल्या रजिस्टरात नोंद होती. मग तिनं नवं कार्ड भरलं. भरताना ती हसत होती की चिडली होती, मला सांगता येत नाही.

‘कागद खरा आहे, मामा,’ ती म्हणाली. ‘तुम्ही तोंडानं काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.’

मी त्या वेळी डोक्यात एक हिशेब जुळवला, आणि तो जुळल्यावर मला गंमत वाटली. मेंढ्यांना रंग होता आणि सुई नव्हती. पोरीला सुई होती आणि रंग नव्हता. आता तोही लागला. एका खोट्याची भरपाई एका खऱ्यानं झाली, असं मनाशी म्हणत मी कालवा ओलांडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्यासारख्यांनाच.

बंकट बाभळीखाली बसला होता. सायली त्याच्या मांडीवर होती आणि तो तिचे दोन्ही कान चिमटीत धरून बघत होता. मेंढीला ताप आहे का ते कान धरून बघतात, हात लावला की कळतं.

‘रोज सकाळी बघतोय,’ तो म्हणाला. ‘अजून थंड हायेत.’

मी कार्ड दिलं. ठरलेलं वाक्य म्हटलं. त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

‘रंग चांगला लावलाय,’ तो म्हणाला. आणि मग, ‘सूनबाईला लई त्रास झाला असंल. तिला सांगा, बंकट इसरणार न्हाई.’

‘चल मग. आजच कळप आण. सुंदररावांना मी सांगतो.’

‘कार्ड दावा त्यांना. उद्या स्वप्नालीला नळावर कुणी टोमणा मारायला नको. पर गोवर सरूस्तोवर मी येणार न्हाई.’

‘कावून बे?’ मी त्याच्याच भाषेत ओरडलो.

‘सिदूचं तान्हं हाय ना शेजारी.’

त्यानं कार्ड माझ्या हातात परत दिलं.

‘सुंदररावाला रंग दिसतोय, डाक्टर. रोगाला कुठं दिसतोय? तवाबी दिसला न्हवता.’ मग त्यानं विचारलं, ‘बावीस होती ना?’

‘बावीस.’

‘सिदू मला आजबी राम राम घालतोय. त्याला ठाव न्हाई म्हणून घालतोय.’

मी म्हणालो, ‘परळीकडचा कळपही आला होता तेव्हा.’

‘आलता. असंल त्याचंबी. पर मला ठाव हाय त्या अठराचं.’

मला त्याचा भयंकर राग आला. ‘एवढं कळतंय तर सुई का देत नाहीस पोरीला? भंडारा मोठा की लेकरू?’

‘ते मला इचारू नका.’ त्याचा आवाज खाली गेला. ‘कडू असती तर तिला इचारलं असतं. तिचं चुकलं की माजं चुकलं की तुमचं, मला काय बी कळंना झालंय. म्हणून इथं बसलोय. हिला झाला तर माज्या पदरात. दुसऱ्याच्या न्हाई.’

आणि त्यानं परत पोरीचे कान धरून बघितले. रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी हा माणूस असाच धास्तावून कान बघत असणार, हे मला तेव्हा कळलं. एका वाक्यानं मी त्याला सोडवू शकलो असतो. बंकट, तिला सुई दिलीय, तिला काही होणार नाही, ऊठ. एवढंच म्हणायचं होतं.

स्वप्नाली चहा घेऊन आली. कप देताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी चहा घेतला आणि निघालो.

पुढं आणखी दोनदा जाऊन आलो. एकदा ठरवूनच गेलो होतो, की आज सांगायचं, काय व्हायचं ते होवो. कालव्यापर्यंत गेलो की स्वप्नाली आठवते, तीन मैल डोक्यावर दळण घेऊन आलेली. तिचा शब्द मोडायचा अधिकार मला कुणी दिला? मग बंकटला अंधारात ठेवायचा तरी कुणी दिला? घरी बबिताला विचारलं तर ती म्हणते, ‘तुमचं तुम्ही बघा म्हणाले होते ना.’ स्वप्नाली म्हणते, गोवर सरला की ते आपोआप येतील, थोडे दिवस हायेत. फाल्गुन संपत आला, माळावर सावली उरलेली नाही, तिघंही उन्हानं काळवंडलेत. जो सुईला नाही म्हणाला तो आख्ख्या गावासाठी उन्हात बसलाय. ज्याला सक्ती हवी होती तो सावलीत बसलाय. आणि ज्याला सगळं माहीत आहे तो चहा पिऊन परत येतो.

काल बाजारात सिदू भेटला. सत्यम त्याच्या कडेवर होता. बाळसं धरलंय पोरानं, माझा चष्मा ओढायला लागला.

‘कार्ड झालंय म्हणतेत बंकटच्या नातीचं,’ सिदू म्हणाला. ‘मग येत कावून न्हाई त्यो? का गावावर रुसलाय?’

मी पोराच्या मुठीतून चष्मा सोडवून घेतला.

‘तिकडं चारा बरा आहे,’ मी म्हणालो.